'व्हाइट कॉलर' आहात, म्हणून कामगार नाही?

प्रश्न : एका कारखान्यात नऊ वर्षे सलग नोकरी. पद 'असिस्टंट मॅनेजर, स्टोअर्स', पगार ३१,००० रुपये. गेल्या महिन्यात एका ओळीचा ईमेल पाठवून कामावरून कमी केले. एचआर म्हणते, तुम्ही व्हाइट कॉलर, कामगार कायदा तुम्हाला लागू नाही. हे खरे का?

उत्तर : टेबलावर बसणारा कोण आणि अंगमेहनत करणारा कोण, हे सांगायला अर्थशास्त्रात व्हाइट कॉलर, ब्लू कॉलर हे शब्द ठीक आहेत. कायदा कॉलर बघत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये 'कामगार' म्हणताना अंगमेहनतीबरोबर तांत्रिक आणि कारकुनी कामही धरले आहे. बाहेर राहतात ते मुख्यतः व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे, आणि महिना १८,००० रुपयांहून जास्त वेतन घेणारे पर्यवेक्षक.

खरी मेख इथे आहे. 'पर्यवेक्षक' ठरलात तर ३१,००० पगारामुळे तुम्ही बाहेर. कारकुनी कामाला मात्र पगाराची मर्यादाच नाही, आणि एचआर हे आपणहून सांगणार नाही. म्हणजे सगळा वाद तुम्ही दिवसभर काय करत होता, यावर येऊन ठेपतो.

आलेल्या मालाची नोंद, चलने जुळवणे, साठा मोजणे हे तुमचे काम, असे तुम्ही लिहिता. हाताखाली दोन हेल्पर, पण त्यांची साधी रजाही प्लँट मॅनेजर मंजूर करणार. मग तुमची मॅनेजरकी व्हिजिटिंग कार्डापुरतीच! अर्कल गोविंद राजराव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली हेच पाहिले : माणसाचे मुख्य काम कोणते? जोडीला थोडीफार देखरेख केल्याने त्याचे कामगारपण जात नाही.

कामगार ठरलात तर कपातीआधी, म्हणजे कामावरून कमी करण्याआधी, एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पुऱ्या केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन देणे मालकावर बंधनकारक होते. तुमचे १३५ दिवस होतात. हे न देता केलेली कपात बेकायदा, आणि मग पुन्हा कामावर घेण्याची मागणीही करता येते.

आधी समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे मालक-कामगार वादात तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, लेखी अर्ज द्या. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर थेट औद्योगिक न्यायाधिकरणात जा. रोजच्या कामाचे तुमच्याकडे असलेले कागद, हेल्परच्या रजेवर मॅनेजरची सही असलेले अर्ज, आलेले हुकूम एकत्र करा. नेमणूकपत्रापेक्षा ते जास्त बोलतील. आणि 'फुल अँड फायनल'च्या, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या, कागदात कुठे 'राजीनामा' हा शब्द दिसला, तर सही करू नका.