‘लक्षच नाही’ म्हणण्याआधी

या वेळच्या पत्रांत घसरलेले मार्क आहेत, साहेबांची बोलणी आहेत, ‘हल्ली लक्षच लागत नाही’ ही तक्रार आहे. आणि दुखण्याचा उल्लेख? तो कुठेतरी शेवटच्या ओळीत, जाता जाता केलेला. मी प्रत्येक पत्र त्या ओळीपासून वाचायला घेतलं.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. सातवीपर्यंत पहिल्या पाचांत असायची. आता शाळेतून आली की दप्तर टाकते आणि झोपते. बाई म्हणतात, वर्गात पेंगते. घरचे म्हणतात, सगळं मोबाईलमुळे. तिला शिस्त कशी लावावी? पाळी सुरू होऊन दोन वर्षं झाली, जरा जास्तच जातं. – एक आई, बार्शी

शिस्तीचं नंतर बघू. आधी तिला जवळ बसवून तीन गोष्टी विचारा : पाळीत दर एक-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का, रक्ताच्या मोठ्या गाठी पडतात का, आणि पाळी सात दिवसांच्या वर चालते का. यातल्या एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं, तर तो ‘जरा जास्त’चा मामला राहत नाही. उत्तर काहीही आलं तरी या आठवड्यात तिचं रक्त तपासून घ्या, हिमोग्लोबिन आणि जमलं तर फेरिटिनसुद्धा, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी.

अशीच एक आठवीतली मुलगी माझ्याकडे आली होती. आईची तक्रार एकच, ‘अभ्यास करत नाही.’ मुलीची खालची पापणी ओढून पाहिली तर आतली कड कागदासारखी पांढरी. मी सहज विचारलं, ‘माती, कच्चे तांदूळ, असलं काही खावंसं वाटतं का गं?’ ती बराच वेळ गप्प राहिली. मग दप्तराच्या पुढच्या कप्प्यातून तिने पाटीवरच्या पेन्सिलींचा अर्धा संपलेला पुडा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. आई बघतच राहिली. हिमोग्लोबिन साडेसात निघालं. शरीरात लोह कमी पडलं की असं भलतंच खावंसं वाटतं, हे त्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

तुमची मुलगी एकटी नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. म्हणजे नववी-दहावीच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुली कमी रक्तावर गणितं सोडवत असतात आणि आपण त्यांना आळशी म्हणतो. मला याचा फार त्रास होतो, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

लोह नुसतं रक्तासाठी लागत नाही. लक्ष एकवटणं, वाचलेलं ध्यानात ठेवणं यासाठी मेंदूत जी रसायनं तयार होतात, त्यांनाही ते लागतं. हिमोग्लोबिन घसरण्याआधी शरीरातला साठा रिकामा होतो. त्या काळात रिपोर्ट ‘बरा’ येतो, पण मूल थकलेलंच असतं. फेरिटिन पाहायचं ते यासाठी. या वयात हिमोग्लोबिन १२च्या खाली असेल तर तो रक्तक्षयच. ‘साडेअकरा आहे, चालतंय’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी चांगली आहे. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असतं. पण ती रक्त कमी होऊ नये म्हणून. रक्त आधीच कमी असेल तर डोस वेगळा, तो डॉक्टरांनी ठरवायचा. गोळीने शी काळी होते, घाबरू नये. मळमळ झाली तर जेवणानंतर द्यावी. मात्र बंद करू नये. हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही साठा भरायला साधारण तीन महिने ती चालू ठेवावी लागते, आणि नेमकी तिथेच बहुतेक घरांत गोळी सुटते.

आणि सकाळची चहा-चपाती बंद करा. जेवणाबरोबरचा चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. चहा हवाच असेल तर जेवणाच्या आगेमागे तास-दीड तास सोडून. भाजी-आमटीवर लिंबू पिळा, त्याने उलट मदत होते. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं, हा समज सोडून द्या. अळीव, बाजरी, पालेभाज्या, खात असाल तर कलेजी, हे सगळं हवंच, पण आठवर आलेलं हिमोग्लोबिन नुसत्या खाण्याने वर येत नाही. जंताची गोळी चुकवू नका. आणि पाळी खरंच फार जात असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. काही मुलींत थायरॉइड किंवा रक्त गोठण्यातला जन्मजात दोष त्यामागे असतो. तो सापडला नाही तर वरून कितीही लोह घातलं तरी खालून गळतच राहतं.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. चौथीतला एक मुलगा तोंडी सगळं सांगतो, पण फळ्यावरचं उतरवताना शेजाऱ्याच्या वहीत बघतो. पालक म्हणतात, चष्मा लावला की नंबर वाढतो. – एक शिक्षक, जव्हार

गुरुजी, तुम्ही निदान जवळजवळ करूनच पाठवलंय. त्याला मागच्या भिंतीपाशी उभं करा, एकेक डोळा तळहाताने झाकून फळा वाचायला सांगा. अडखळला तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येईल तेव्हा त्याचं नाव पहिलं द्या. ही योजना २०१३ साली तुमच्याच शेजारच्या पालघरमधून सुरू झाली. पथक यायला अवकाश असेल तर थेट ग्रामीण रुग्णालयात पाठवा, शाळकरी मुलांना सरकारी कार्यक्रमातून चष्मा मोफत मिळतो.

पालकांना एवढंच सांगा : मूल वाढतं, डोळा वाढतो, म्हणून नंबर वाढतो. चष्म्याचा त्यात दोष नाही. उलट एका डोळ्याला लहानपणी स्पष्ट दिसलंच नाही तर मेंदू त्या डोळ्याकडे बघणं सोडून देतो आणि मग मोठेपणी चष्मा लावूनही फारसं भागत नाही. तोवर त्याला पुढच्या बाकावर बसवलंत तर बरंच, पण तो इलाज नव्हे.

प्रश्न : वय ४४, कंपनीची बस चालवतो. आठ तास झोपूनही सिग्नलला डुलकी लागते. साहेबांनी एकदा ताकीद दिली. चहा-तंबाखूवर दिवस काढतो. डॉक्टरकडे गेलो तर नोकरी जाईल अशी भीती वाटते. बायको म्हणते, मी घोरताना मध्येच माझा श्वास थांबतो. – एक वाचक, चाकण

दादा, वहिनींनी जे पाहिलंय ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. झोपेत घसा मिटतो, दहा सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ हवा आत जात नाही. मेंदू दचकून उठवतो, घसा उघडतो आणि परत तेच. काही लोकांत हे तासाला तीसपेक्षा जास्त वेळा होतं. त्यांना सकाळी त्यातलं काहीच आठवत नाही. घड्याळाप्रमाणे आठ तास झाले, पण सलग झोप म्हणाल तर काही मिनिटांचीच.

स्पष्ट लिहिते, रागावू नका. तपासणी होईपर्यंत स्टिअरिंगवर बसू नका. तुमच्यामागे रोज पन्नास माणसं बसतात. साहेबांना ‘झोपेचा आजार आहे, तपासणी चालू आहे, तोवर दुसरं काम द्या’ असं लेखी द्या. अपघातानंतर कळण्यापेक्षा हे आधी कळलेलं नोकरीच्याही हिताचं आहे.

वहिनींना सांगा, आज रात्री तुमच्या झोपेचा पाच मिनिटांचा व्हिडिओ मोबाईलवर काढा. तो छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. ते झोपेची तपासणी करून घेतील. रक्तदाबही मोजा, या आजारात तो बऱ्याचदा वाढलेला असतो. आजार जास्त असेल तर झोपताना नाकावर मास्क लावून हवेचा दाब देणारं यंत्र वापरतात. सिडनीतल्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी १९८१ साली ते जगासमोर आणलं. सुरुवातीला मास्क नको वाटतो, मग त्याच्याशिवाय झोपायला नको वाटतं. माझ्या एका पेशंटने पहिल्या आठवड्यानंतर येऊन सांगितलं, ‘मॅडम, सकाळी पेपर वाचला, पूर्ण.’ रात्रीची दारू असेल तर ती आजच थांबवा, तिने घसा आणखी ढिला पडतो. वजन उतरलं तर घोरणंही उतरतं, पण त्याला महिने लागतात. तोवर यंत्र टाळू नका.

प्रश्न : वय २६, कंत्राटावर वर्कशॉपमध्ये काम करतो. टीबी निघालाय. कंत्राटदाराला टायफॉइड सांगितलंय. पगारातून ईएसआयसी कापलं जातं. पंधरा दिवसांत परत जायलाच हवं, घर माझ्यावर चालतं. – एक वाचक, भोसरी

कपात होते ना? मग घाबरण्याआधी तुझा हक्क बघ. ईएसआयसी म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, तिच्यात कंत्राटी कामगारही येतो. आजारपणाच्या रजेत ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. टीबी लांबणाऱ्या आजारांच्या यादीत आहे. दोन वर्षं सलग नोकरी आणि पुरेशी वर्गणी भरलेली असेल तर त्यापुढेही ८० टक्क्यांनी लाभ चालू राहू शकतो. आणि हा लाभ घेत असताना मालकाला कामावरून काढता येत नाही. पण त्यासाठी दाखल्यावर खरं निदान हवं. टायफॉइडच्या बहाण्याने तू स्वतःचेच पैसे घालवतो आहेस. दाखला विमा दवाखान्यातूनच घे आणि तारखा सलग ठेव.

साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. औषधं लागू पडली की साधारण दोन-तीन आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच कमी होतो, म्हणून कामावर जायला सहा महिने थांबावं लागत नाही. कधी जायचं ते डॉक्टरांना ठरवू दे. दुसऱ्या महिन्यात भूक लागते, वजन वाढतं, खोकला जातो, आणि पोरं गोळ्या सोडतात. तू सोडू नकोस. सोडलेला टीबी औषधांना दाद न देणारा होऊन परत येतो. पोषणासाठी सरकारकडून महिन्याला हजार रुपये खात्यात येतात, त्यासाठी बँकेचं पासबुक टीबी केंद्रात दिलंस का? नसशील तर उद्या दे. घरातल्या सगळ्यांची, विशेषतः लहान मुलांची, तपासणीही करून घे.

प्रश्न : बँकेत नोकरी. अर्धशिशी आहे. काम अडू नये म्हणून आठवड्यातून चार-पाच वेळा मेडिकलमधून आणलेली गोळी घेते, तरी डोकं रोजच दुखतं. – एक वाचक, ठाणे

‘तरी’ नाही ताई, ‘म्हणूनच’ दुखत असण्याची शक्यता मोठी आहे. मिश्र वेदनाशामक, म्हणजे एकाच गोळीत एकाहून जास्त औषधं असलेलं, महिन्यात दहा दिवस किंवा साधं वेदनाशामक पंधरा दिवस घेत राहिलं की काही महिन्यांत गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. अर्धशिशी येऊच नये म्हणून घ्यायची औषधं वेगळी असतात, ती न्यूरॉलॉजिस्ट किंवा तुमचे फॅमिली डॉक्टर देतील. सध्याची गोळी कशी थांबवायची तेही त्यांनाच विचारा. पहिले काही दिवस डोकं जास्त दुखेल, तेव्हा मार्चअखेरीच्या गर्दीत हे सुरू करू नका. तोवर भिंतीवरच्या कॅलेंडरवर डोकं दुखलं त्या तारखेला फुली मारा, गोळी घेतली तर गोल करा, आणि उपवास, उशिरा झालेलं जेवण, जागरण, पाळी यांतलं काय होतं ते एका शब्दात लिहा. महिना संपला की ते पान फाडून डॉक्टरांकडे घेऊन जा.