पाहणारं कोणी नाही, फक्त कॅमेरा आहे, अशा खुनाच्या केसबद्दल माझा अनुभव

भाऊ, तुझी पोस्ट वाचली आणि जुनं सगळं वर आलं. तुझा चुलतभाऊ केळीच्या मळ्यातल्या विहिरीत मेलेला सापडला, मारताना कोणी पाहिलं नाही, शेवटचा टपरीवर दोघांसोबत दिसला आणि रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात तिघं एका मोटरसायकलवर. आमचं २०१७ चं जवळपास असंच, मयत माझा मेहुणा, आरोपी २०२१ ला निर्दोष सुटला. मी वकील नाही भो, चार वर्षं कोर्टाच्या बाकड्यावर बसून जे कळलं ते सांगतो, काही करायचं ते तुझ्या वकिलाला विचारून.

नुसत्या परिस्थितीजन्य पुराव्यावर (म्हणजे खून पाहणारा नाही, आजूबाजूच्या गोष्टी जोडून केलेली साखळी) जन्मठेप होते, ती चिंता नको. पण साखळीतली एकही कडी सुटलेली चालत नाही. १९८४ च्या सारडा खटल्यात सुप्रीम कोर्टाने ज्या पाच कसोट्या सांगितल्या त्या आजही निकालांत असतात, आणि सेशन व हायकोर्टाने दोषी धरलेला आरोपी त्याच खटल्यात सुटला होता, हे कोणी सांगत नाही.

आमच्याकडे टपरीवाल्याची साक्ष होती, पण त्याला मेहुणा दिसला तेव्हापासून प्रेत सापडेपर्यंत दोन दिवस गेलेले. मधे दुसरं कोणी भेटलं नसेल कशावरून, हा आरोपीच्या वकिलाचा प्रश्न. ते भोक बुजवणार होता सीसीटीव्ही, रात्री पावणेबाराला मेहुणा आणि आरोपी विहिरीकडच्या फाट्यावर वळताना दिसत होते ना! कॅमेरा एका ऑफिसचा. तपासवाल्यांनी पेनड्राइव्हवर कॉपी घेतली, डीव्हीआर (कॅमेऱ्याचं मूळ रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) जप्त केला नाही, आणि आम्ही येडे खूश, कारण क्लिप व्हॉट्सअॅपवर फिरत होती. महिन्याभरात डीव्हीआरवर नवीन रेकॉर्डिंग चढलं. मग ६५ ब चं सर्टिफिकेट (जुन्या साक्ष कायद्याचं कलम, इलेक्ट्रॉनिक कॉपी पुराव्यात द्यायला लागायचं) लागेल म्हटल्यावर त्या ऑफिसात चकरा. जुने साहेब बदलून गेलेले, नवीन म्हणे मी तेव्हा नव्हतो, मी कशी सही करू, टेबलावरचा बाबू म्हणे पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणे पत्र कधीच गेलं. चौदा चकरा, मोजून!

आता आमची चूक ऐक. २०२० च्या खोतकर निकालात (तो निवडणुकीचा वाद होता, तरी नियम सगळ्यांना) सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूळ यंत्र आणलं नाही तर सर्टिफिकेट पाहिजेच, पण समोरचा देत नसेल तर कोर्टाला अर्ज करा, कोर्ट मागवू शकतं. तो अर्ज आमच्याकडून कोणी केलाच नाही. मी बाबूशी भांडत बसलो आणि सरकारी वकिलांना लेखी एक ओळ दिली नाही. क्लिप पुराव्यात धरली नाही, साखळी तिथेच तुटली.

तुझं प्रकरण १ जुलै २०२४ नंतरचं, म्हणजे नवीन साक्ष अधिनियमाचं कलम ६३. सर्टिफिकेटचे दोन भाग, दुसऱ्यावर तज्ज्ञाची सही, हॅश व्हॅल्यू (फाइलीत फेरफार नाही हे तपासायचा कोड) पण लिहावी लागते. तपास अधिकाऱ्याला आजच लेखी दे, डीव्हीआर जप्त करा म्हणून, आणि पोच घे. तोंडी विनंतीला शून्य किंमत, हे माझं ठाम मत, कोणाला राग येवो.

आणखी एक, टपरीवाल्याकडे रोज जाऊन बसू नको, साक्षीदार पढवला म्हणतात. मॅजिस्ट्रेटसमोर त्याचा जबाब घ्यायला पोलिसांना सांग. आम्ही अपील केलंय, मयताच्या वारसांना तो हक्क आहे, तारखा चालू आहेत. कॅमेरा कोणाचा आहे आणि किती दिवस झाले, तेवढं आधी कळव.