बीपीटीला (फिजिओथेरपीच्या पदवीला) वर्गातला अभ्यास आणि हॉस्पिटलमधलं काम यांची सांगड कशी असते?

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत पहिलं वर्ष बरंचसं वर्गात आणि डिसेक्शन हॉलमध्येच जातं. ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचना, मनापासून करा, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मग मुलं एकमेकांच्याच गुडघ्याला गोनिओमीटर लावून कोन मोजायला शिकतात. निरोगी गुडघा साधारण १३५ अंश वाकतो, हे तेव्हा हातात बसतं. खरा कस वॉर्डात लागतो. ऑर्थो, न्यूरो, आयसीयू अशा पोस्टिंग आळीपाळीने येतात. अर्धांगवायूच्या रुग्णाला पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं, ते सरांच्या देखरेखीखाली स्वतः करायचं, आणि लेक्चरही सुरूच. (कॉलेज निवडताना इमारत नको, ओपीडीची गर्दी बघा.) चार वर्षांनंतर इंटर्नशिप सक्तीची, ती पूर्ण झाल्यावरच पदवी मिळते.