अबू सिंबेलहून एका दिवसात बुहेनचा किल्ला बघून परत येता येईल का?

नाही येणार. दोन कारणं आहेत आणि दोन्ही पक्की आहेत.

एक म्हणजे बुहेन हा प्राचीन इजिप्तच्या राजांनी नाईलकाठी बांधलेला किल्ला असला तरी तो आजच्या इजिप्तमध्ये नाहीच, सुदानच्या हद्दीत, वादी हाल्फा गावाच्या समोरच्या काठावर होता. आणि दुसरं, 'होता' असंच म्हणावं लागतं कारण आस्वानचं मोठं धरण बांधलं तेव्हा 1964 च्या सुमारास तो पाण्याखाली गेला. अबू सिंबेलची देवळं कापून वर नेली कारण ती दगडाची, इथे किल्ल्याचं सगळं काम मातीच्या कच्च्या विटांचं, ते कसं उचलणार? तुम्ही जे फोटो बघितलेत ना, खंदक, बुरूज, बाण मारायच्या जंग्या, ते पुरातत्त्वज्ञ वॉल्टर एमरी यांच्या टीमने 1957 ते 64 मध्ये उत्खनन केलं तेव्हाचे. आतला किल्ला साधारण 150 बाय 138 मीटर, भिंती 5 मीटर जाड आणि 11 मीटरच्या आसपास उंच. बुहेनमधलं हातशेपसुत राणीचं दगडी देऊळ तेवढं खार्तुमच्या म्युझियमच्या बागेत नेऊन उभं केलं, आणि शेजारी पाण्याची लांबट टाकी बांधून नदीचा भास केलाय. पण एप्रिल 2023 ला युद्ध सुरू झालं, म्युझियममध्ये लूट झाली, त्यामुळे तिकडे जायचा विचार सध्या डोक्यातून काढूनच टाका. कोणी एजंट 'मॅनेज करतो' म्हणाला तरी.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मातीचे ढिगारे बघायला एवढं लांब जाण्यात काय अर्थ. ह्यावर मी जरा जास्त बोलणार, कारण युद्धाच्या आधी मी कामानिमित्त खार्तुमला राहायचो आणि तिथून उरोनार्ती नावाच्या अशाच एका किल्ल्याला जाऊन आलोय. नाईलच्या दुसऱ्या प्रपाताच्या, म्हणजे नदीतल्या खडकाळ खळाळाच्या भागात असे बरेच किल्ले होते आणि सगळे बुडाले असंच लोक धरून चालले होते, मग 2000 नंतर लक्षात आलं की उरोनार्ती आणि शाल्फाक हे दोन उंच टेकडीवर असल्यामुळे पाण्याच्या वर शिल्लक आहेत. खार्तुमहून वादी हाल्फाच्या बाजूला म्हणजे नऊशेच्या वर किमी, परमिटची कागदपत्रं प्रत्येक चौकीवर दाखवत जायचं, मग कच्चा रस्ता, मग मासेमाऱ्याची बोट. थंडीत गेलात तर नदीकाठी बारीक माशा अशा काही नाकाडोळ्यात शिरतात की डोक्याला जाळी बांधल्याशिवाय धड बघता पण येत नाही, फोटो राहू दे.

वर पोचलो की आधी काही कळतच नाही. राजगड-रायगड फिरलेल्या माणसाला सवयीने दरवाजा, माची वगैरे शोधायला होतं आणि इथे टेकडीच्या आकाराप्रमाणे आखलेला त्रिकोणी किल्ला, अर्धा वाळूत. पण तटाच्या जवळ जाऊन उभे रहा. विटांच्या काही थरांनंतर गवताच्या चटईचा एक थर घातलाय, मधे लाकडाचे वासे, आणि जिथे वीट झिजलीय तिथे ते गवत चक्क बाहेर आलंय, काड्या वेगवेगळ्या दिसतात. सेनुसरेत तिसरा ह्या इजिप्तच्या राजाच्या काळातलं म्हणजे पावणेचार हजारांहून जास्त वर्षांचं गवत! हात लावायचा मोह होतो पण लावू नका, भुगा होतो. भिंत आतून सुकावी आणि तडकू नये म्हणून ती सोय.

आणि आतला प्लॅन बघितला की तुम्हाला वाटतो तसा हा नुसता लढाईचा किल्ला नव्हता हे लगेच कळतं. जागा धान्याच्या कोठारांनी बरीच खाल्लीय. उत्खननात मातीच्या सीलचे हजारो तुकडे मिळाले, म्हणजे कोठाराची दारं, पोती, पत्रं सगळं सीलबंद, सील फोडायचं आणि परत लावायचं, रोजचा हिशोब. सैनिकांच्या भाकरीच्या रेशनसाठी लाकडाचे टोकन होते, पावाच्याच आकाराचे आणि वर आकडे लिहिलेले, ते आता बोस्टनच्या म्युझियममध्ये आहेत. माझ्या मते हा जकात नाकाच होता, फक्त तटबंदीवाला. जवळच्याच सेमनाला ह्याच राजाच्या आठव्या वर्षाचा शिलालेख होता (आता बर्लिनमध्ये), त्यात स्पष्ट हुकूम आहे की दक्षिणेकडच्या कुठल्याही न्युबियन माणसाने होडीने किंवा पायी ही हद्द ओलांडून उत्तरेला यायचं नाही, अपवाद फक्त इकेन नावाच्या ठिकाणी व्यापाराला येणारे किंवा निरोप घेऊन येणारे दूत. इकेन म्हणजे मिरगिस्सा, तिथे तर प्रपात टाळून होड्या जमिनीवरून ओढून न्यायला लाकडं आडवी टाकून वर चिखलाचा रस्ता केला होता.

हद्दीवर किती बारीक लक्ष होतं बघा. ह्या किल्ल्यांचे रिपोर्ट पपायरसवर (लव्हाळ्याच्या जुन्या कागदावर) लिहिलेले सापडलेत, तेही किल्ल्यात नाही तर पार थीब्सच्या, म्हणजे आजच्या लक्सरच्या, एका थडग्यात. त्यातल्या एकात गस्तीवाले कळवतात की वाळवंटाच्या कडेला 32 माणसं आणि 3 गाढवं यांचा माग दिसला. बस्स एवढंच, पण ते लिहून वरपर्यंत पाठवलं. दुसऱ्या एका रिपोर्टमध्ये वाळवंटातले मेदजाय लोक येऊन सांगतात की तिकडे उपासमार चाललीय. मला स्वतःला सेनुसरेतच्या विजयाच्या डरकाळ्यांपेक्षा ही कारकुनी जास्त आवडते, तुम्हाला नाही आवडली तर ठीक आहे.

आता तुम्ही इजिप्तला जाताच आहात तर काय करायचं. आस्वानला एक पूर्ण सकाळ एलिफंटाइन बेटासाठी ठेवा. फेलुकावाल्याच्या (शिडाच्या होडीवाल्याच्या) नादी लागू नका, गावातले लोक ज्या साध्या बोटीने पलीकडे जातात त्यानेच जा. बेटाच्या दक्षिण टोकाला जुन्या गावाचे अवशेष आहेत, पहिल्या राजघराण्याच्या काळात म्हणजे सुमारे 5000 वर्षांपूर्वी इथेच सरहद्दीचा किल्ला बांधला, आणि तो बांधताना सातेत देवीच्या छोट्या देवळाला पार कोपऱ्यात कोंबलं. बहुतेक टूरवाले नाइलोमीटर (नदीच्या पाण्याची पातळी मोजायच्या जुन्या पायऱ्या) दाखवून वीस मिनिटात परत आणतात, त्यांच्याबरोबर जाऊच नका. 1969 पासून तिथे जर्मन-स्विस टीमचं उत्खनन चालू आहे, त्यामुळे बोर्ड, पायवाटा नीट आहेत. चांगले बूट घाला, खापराचे तुकडे सगळीकडे पसरलेत आणि ऊन्हाला आडोसा जवळपास नाही. पाणी बोटीत बसायच्या आधीच घेऊन ठेवा.