परक्या, मूर्तिपूजक राजालाही देव वापरतो असं बायबल म्हणतं का?

हो, अगदी नाव घेऊन म्हणतं: यशया ४५:१ मध्ये पारसाचा (इराणचा) राजा कोरेश, म्हणजे सायरस, परमेश्वराचा ‘अभिषिक्त’ (खास निवडलेला) आहे, आणि तो देवाला ओळखत नव्हता हेही पुढे दोनदा येतं. नाशिकला शरणपुरात बायबल वर्ग घेतो, तिथे हा प्रश्न ठरलेला. इ.स.पू. ५३९ मध्ये कोरेशनं बाबेल (बॅबिलॉन) जिंकलं, मग तिथे बंदिवासात असलेल्या यहुद्यांना यरुशलेमेला परतायची मुभा दिली (एज्रा १). गंमत म्हणजे १८७९ मध्ये सापडलेल्या त्याच्या मातीच्या दंडगोलावर विजयाचं श्रेय बाबेलच्या मर्दूक देवाला आहे! मात्र बरेच अभ्यासक यशयाचे ४० ते ५५ अध्याय त्या बंदिवासाच्याच काळातले मानतात. त्यांच्या लेखी हे यशया संदेष्ट्यानं दीडशे वर्षं आधी केलेलं भाकीत नाही. आणि आजचा कोरेश कोण, ते मला विचारू नका.