अक्षर लागत नाही, मग औषध कोणते घ्यायचे?

मागच्या लेखात औषधाच्या चिठ्ठीचा विषय ओझरता आला होता. तेव्हापासून एकाच गोंधळाची पत्रे येत आहेत, म्हणून एकत्रच उत्तरे देतो. मी वकील आहे, डॉक्टर नाही, एवढे लक्षात ठेवून वाचा.

प्रश्न : डॉक्टरांनी कॅपिटल अक्षरांत लिहिले नाही तर तुरुंगवास होतो, असा मेसेज फिरतोय. खरे का?

नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. औषधे जेनेरिक म्हणजे ब्रँडच्या नव्हे, मूळ घटकाच्या नावांनी, सुवाच्य आणि ‘शक्यतो’ कॅपिटल अक्षरांत लिहावीत, असे ती सांगते. ‘शक्यतो’ हा शब्द कॅपिटलला लागू आहे, सुवाच्यतेला नाही. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना नेमका तोच दिसत नाही. नियम मोडल्यास तक्रार राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे जाते, पोलीस ठाण्यात नाही. डॉक्टरांसाठीच्या २०२३ च्या नव्या नियमावलीचा दाखलाही काहींनी दिला आहे. ती ज्या महिन्यात आली त्याच महिन्यात स्थगित झाली, म्हणून इथे २००२ चीच आचारसंहिता धरायची.

प्रश्न : वाचता येईल अशी चिठ्ठी हा मूलभूत हक्क आहे, असे हायकोर्टाने म्हटले आहे. तो निकाल डॉक्टरांना दाखवू का?

निकाल पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचा, २०२५ चा. जामिनाच्या एका प्रकरणात वैद्यकीय अहवालाचे अक्षर खुद्द न्यायमूर्तींना लागेना, तिथून विषय निघाला आणि राज्यघटनेच्या कलम २१ पर्यंत, म्हणजे जगण्याच्या हक्कापर्यंत गेला. महाराष्ट्रात तो बंधनकारक नाही, मात्र त्याचा आधार घेता येतो. पण दवाखान्यात निकालाची प्रत कशाला नाचवता? ‘डॉक्टर, हे नाव जरा सुटे करून लिहा’ एवढे म्हणा. शंभरातले नव्वद लिहून देतात.

प्रश्न : चिठ्ठीवर कायद्याने काय असावे लागते?

डॉक्टरांची सही, तारीख, रुग्णाचे नाव-पत्ता, औषध एकूण किती द्यायचे आणि डोस. शिवाय डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक.

प्रश्न : आमच्या डॉक्टरांचे अक्षर फक्त दवाखान्याखालच्या मेडिकलवाल्यालाच लागते. दुसऱ्या दुकानात गेलो, तर ‘बहुधा हेच असेल, कंटेंट तेच’ म्हणत वेगळी गोळी दिली. चार दिवस घेतली. काही बिघडेल का?

आधी गोळीची स्ट्रिप आणि चिठ्ठी घेऊन आजच डॉक्टरांकडे जा. गोळी चालू ठेवायची की बंद करायची, हे माझ्या लेखावरून ठरवू नका.

आता त्या ‘बहुधा’बद्दल. या एका शब्दाने माझी झोप उडवली आहे. सांधेदुखीवर मेथोट्रेक्झेट देतात, ते आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. कोणी ते ‘रोज’ वाचले तर अस्थिमज्जेवर परिणाम होऊन माणूस दगावू शकतो. दशांश चिन्हाआधीचे शून्य लिहिले नाही आणि टिंब पुसट उमटले, तर ०.५ चे ५ होतात, म्हणजे डोस दहापट. इन्सुलिनच्या आकड्यापुढे युनिटसाठी घाईत काढलेला इंग्रजी ‘यू’ शून्यासारखा दिसतो आणि ४ चे ४० होतात. हे सगळे ‘बहुधा’च असते!

कायदाही सैल नाही. शेड्यूल एचमधले, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारे औषध चिठ्ठीवर असेल, तर त्याऐवजी दुसरे देण्याची मुभा औषध नियमावलीचा नियम ६५ दुकानदाराला देत नाही, घटक तेच असले तरीही. चिठ्ठीवर जेनेरिक नाव असेल तर त्या घटकाचा कोणताही ब्रँड देता येतो, हा भाग वेगळा. अक्षर लागत नसेल तर केमिस्टने डॉक्टरांना फोन करावा, नाहीतर गिऱ्हाईक परत पाठवावे.

आणि एकाच दुकानात लागणारे अक्षर? मला तो योगायोग वाटत नाही. रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेणे आचारसंहितेत निषिद्ध आहे. मात्र नुसत्या अक्षरावरून ते सिद्ध होत नाही, तेव्हा पुराव्याशिवाय आरोप करू नका. जेनेरिक नाव स्वच्छ अक्षरात मागा, तो तुमचा अधिकार आहे.

प्रश्न : चुकीच्या औषधामुळे वडिलांना ॲडमिट करावे लागले. दीड वर्ष झाले. आता तक्रार करता येईल?

दीड वर्ष कशाची वाट पाहिलीत? ग्राहक आयोगाकडे जायची मुदत दोन वर्षे आहे. रुग्णालयाकडे आजच लेखी अर्ज करून कागदपत्रे मागा. ती ७२ तासांत द्यावी लागतात. आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपण्याचे बंधन आहे, पण बाह्यरुग्ण विभागातल्या चिठ्ठीचा भरवसा धरू नका. मेडिकलचे बिल असेल तर तेही काढा आणि या आठवड्यातच वकील गाठा.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आलेली चिठ्ठी चालते का?

टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन-व्हिडिओवरून तपासण्याच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टर सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो पाठवू शकतात. शेड्यूल एक्समधली, म्हणजे सर्वात कडक नियंत्रणाखालची औषधे मात्र अशी लिहून देता येत नाहीत.

प्रश्न : डॉक्टरांची चिठ्ठी मीच सुवाच्य अक्षरात उतरवून मेडिकलमध्ये दिली तर?

चालणार नाही. त्यावर सही कोणाची, तुमची?