संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत १४ देश 'हो' म्हणाले तरी एकट्याच्या 'नाही'नं ठराव पडतो, हे कसं? आपल्या राष्ट्रपतींनाही असा व्हेटो, म्हणजे एकट्यानं अडवायचा अधिकार, असतो का?

मी यवतमाळ जिल्ह्यातला कापूसवाला. व्हेटो मला आधी आमच्या विहिरीनं शिकवला, पुस्तकं नंतर आली.

सातबाऱ्यावर चार नावं आहेत, बाबा आणि तीन काका. सामाईक विहिरीवर मोटरचं कनेक्शन घ्यायचं तर सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते. मोठ्या काकांनी बांधावरच सही केली. मधले म्हणाले, "माह्यं काही म्हणणं नाही बाप्पा, तुमचं तुम्ही पाहा." नागपूरचे काका 'नाही' असं कधीच म्हणत नाहीत. "पाहू ना, दिवाळी झाली का येतोच मी," म्हणतात. अशा तीन दिवाळ्या झाल्या.

आता तुमचा प्रश्न. सुरक्षा परिषदेत १५ सदस्य. त्यात अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स कायमचे, बाकी दहा दोन-दोन वर्षांसाठी निवडून येतात. ठराव मंजूर व्हायला किमान ९ मतं हवीत आणि पाचांपैकी कोणाचं विरोधी मत नको. म्हणून १४ विरुद्ध १ झालं आणि तो एक पाचांतला असला, की ठराव पडला. कामकाजाच्या पद्धतीचा प्रश्न असेल तर मात्र व्हेटो चालत नाही, नुसती ९ मतं पुरतात.

गंमत म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत 'व्हेटो' हा शब्दच नाही. कलम २७ मध्ये कायम सदस्यांच्या सहमतीची मतं धरून बहुमत हवं, असं लिहिलंय. अक्षरशः वाचलं तर पाचही जणांनी हात वर करायला हवा. पण पहिल्या काही वर्षांतच वहिवाट पडली की तटस्थ राहणं म्हणजे व्हेटो नव्हे. म्हणजे आमच्या मधल्या काकांचं 'माह्यं काही म्हणणं नाही' तिथं खपतं. विहिरीच्या कागदावर नाही खपत, तिथं सहीच लागते.

गैरहजर राहिलं तर? १९५० मध्ये चीनची जागा कम्युनिस्ट सरकारची की तैवानातल्या जुन्या सरकारची, या वादात सोव्हिएत संघ (त्याचीच जागा आज रशियाकडे आहे) रुसून परिषदेबाहेर बसला होता. तेवढ्यात कोरियाचं युद्ध पेटलं आणि ठराव त्याच्यावाचून मंजूर झाले. ऑगस्टमध्ये तो मुकाट परत आला. लग्नात रुसलेल्या फुफाजीसारखं, इकडे पंगत उठूनही गेली.

व्हेटोला शिव्या देणाऱ्यांना मी दोन तारखा सांगतो. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यात आपलं सैन्य शिरलं, तेव्हा युद्धबंदी आणि माघारीच्या ठरावाला ७ मतं पडली. परिषद तेव्हा ११ जणांची होती, ७ पुरेशी होती. सोव्हिएत व्हेटोनं ठराव पाडला. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश युद्धात युद्धबंदीच्या ठरावाला ११ देशांची मतं होती, विरोधात सोव्हिएत संघ आणि पोलंड. ब्रिटन, फ्रान्स तटस्थ. पुन्हा व्हेटो. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आलं. म्हणून व्हेटो वाईट की चांगला, हे तो कोणाच्या बाजूनं पडला यावर लोक ठरवतात, आपणही त्यातलेच.

आपल्या राष्ट्रपतींचं वेगळं आहे. राज्यघटनेच्या कलम १११ प्रमाणे ते विधेयक परत पाठवू शकतात (धनविधेयक सोडून), पण संसदेनं पुन्हा मंजूर केलं तर सही करावीच लागते. २००६ मध्ये कलामसाहेबांनी लाभाच्या पदाचं (खासदारांना कोणती सरकारी पदं चालतील त्याचं) विधेयक परत पाठवलं, संसदेनं ते तसंच फिरून मंजूर केलं, त्यांनी सही केली. खरी ताकद आहे ती नागपूरच्या काकांसारखी. परत पाठवायचं नाही, सहीही करायची नाही. राष्ट्रपतींना सहीची मुदतच घातलेली नाही. १९८६ मध्ये ग्यानी झैलसिंगांनी टपाल विधेयक असंच ठेवून दिलं. त्यात सरकारला लोकांची पत्रं अडवायचा अधिकार मिळणार होता. याला पॉकेट व्हेटो म्हणतात.

राज्यांची विधेयकं राज्यपाल अशीच ठेवून देतात, त्यावरून तर हे कोर्टात गेलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी मत दिलं की सहीसाठी ठरावीक मुदत कोर्ट घालून देऊ शकत नाही, पण विधेयक अनिश्चित काळ दाबूनही ठेवता येणार नाही. पीठाचे प्रमुख आपल्या अमरावतीचेच, भूषण गवई.

आणि व्हेटो सगळ्यांनाच दिला तर काय होतं, ते पाहायला न्यूयॉर्कला जायला नको. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे. तिथली ग्रामसभा मतदान घेत नाही, सर्वसहमतीनं ठरवते. एकाचंही मन वळलं नाही तर विषय पुढच्या बैठकीवर. वेळ लागतो. पण 'नाही' म्हणणाऱ्याला तिथंच, सगळ्यांसमोर बसून का ते सांगावं लागतं.

नागपूरच्या काकांना तशा बैठकीत बसवायची माझी फार इच्छा आहे. तोवर डिझेल इंजिनवर ओलित चालू आहे.